खर्जाची तार

भिलाईच्या कारखान्यात पोलादाचे जे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे, ते रुळाचे होय. भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारतीय रेल्वेच्या रुळांचे नाव घेतले की भिलाईचे नाव निघतेच. १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटणारी यंत्रसामग्री आज येथे आहे.

परंतु ह्याच परिसरात पोलादाचे दुसरे एक रूप नांदते. ते रुळाइतके अवजड नाही, मात्र त्याच्या अंगी रुळाहून अधिक बळ असते. ते म्हणजे वाद्याची तार. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या आणि काही काळ भिलाई कारखान्यात नोकरीला असलेल्या तीजनबाई हातात तंबुरा घेऊन पंडवानीतील महाभारत उभे करीत. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. पोलादनगरीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही आली आणि त्यांच्याबरोबर नानाविध वाद्येही आली. गणेशोत्सवातील वाद्यवृंद असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, अशा ठिकाणी आता एक वाद्य हमखास दिसते. ते बेस गिटार होय. चार जाड तारांचे हे वाद्य वृंदातील खर्ज सांभाळते.

ह्या वाद्याच्या तारा विकत घेण्यास गेलेल्या नवशिक्याची मोठी पंचाईत होते. पुडक्यांवर आकडे असतात, धातूंची नावे असतात. गोल वेढा, सपाट वेढा असे शब्द असतात. दुकानदार म्हणतो, ही तार चमकदार बोलते. मित्र म्हणतो, ती तार हाताला मऊ लागते. किंमत तर थोडी नसते. निवड चुकली तर बोटे दुखतात, वाद्याची मान वाकते आणि कित्येकदा शिकणाऱ्याचा उत्साहच मावळतो. वस्तुतः तारेचा स्पर्श आणि तारेचा नाद ह्या दोन्ही गोष्टी मोजक्याच भौतिक कारणांतून उद्भवतात. ती कारणे समजली की निवड पुष्कळ सोपी होते.

तीन गोष्टींचा मेळ

ताणलेल्या तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो, ह्याचे नियम फ्रेंच पंडित मारँ मर्सेन ह्याने १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले. ते थोडक्यात असे: तार जितकी लांब, तितकी कंपनसंख्या कमी. लांबी दुप्पट केली तर कंपनसंख्या निम्मी होते. ताण वाढविला तर स्वर चढतो. मात्र कंपनसंख्या दुप्पट करण्यासाठी ताण चौपट करावा लागतो. तारेचे दर मीटरमागील वजन वाढविले तर स्वर उतरतो. कंपनसंख्या निम्मी करण्यासाठी हे वजन चौपट करावे लागते.

बेस गिटारच्या चार तारांची कंपनसंख्या सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ इतकी असते. घोडीपासून मानेच्या टोकापर्यंतची कंप पावणारी लांबी बहुधा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. ही लांबी वाद्याच्या रचनेतच ठरून गेलेली असते आणि स्वरही ठरलेले असतात. वादकाच्या हाती उरते ते तारेचे वजन. वजन ठरले की ताण आपोआप ठरतो. म्हणून तारेची जाडी निवडणे म्हणजेच बोटाखालील ताण निवडणे होय. हे सूत्र ध्यानात ठेवले तर अर्धे काम झाले.

सर्वांत खालच्या तारेचे उदाहरण घेऊ. तिचा ताण सुमारे १८ किलोग्रॅम भाराइतका असावा आणि तिने सेकंदाला ४१.२ आंदोलने करावीत, अशी अपेक्षा असेल, तर गणिताने तिचे वजन मीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असावे लागते. इतक्या वजनाची तार भरीव पोलादाची करावयाची म्हटली तर तिची जाडी २.४ मिलिमीटरच्या आसपास भरेल. ती तार कसली, सळईच म्हणावी लागेल! तिची ताठरता इतकी असेल की तिच्यातून निघणारे उपस्वर मूलस्वराच्या नेमक्या दुपटी-तिपटीवर न पडता वर सरकतील आणि आवाज तारेसारखा न होता एखाद्या कांबीवर ठोका मारावा तसा होईल.

वेढा कशासाठी?

ही अडचण नवी नव्हे. आतड्याच्या तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. मध्ये बारीक गाभा ठेवावयाचा. तो ताण सोसतो. त्याच्याभोवती दुसऱ्या तारेचे घट्ट वेढे द्यावयाचे. ते केवळ वजन पुरवितात. तारेची ताठरता जाडीच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणजे गाभा निम्मा केला तर ताठरता सोळाव्या हिश्श्यावर येते. वेढे परस्परांना केवळ टेकलेले असल्याने वाकताना फारसा विरोध करीत नाहीत. अशा रीतीने वजन आणि लवचिकपणा ह्या परस्परविरोधी गरजा एकाच तारेत नांदू लागतात.

तंबोऱ्याची खर्जाची तार ह्याच प्रश्नाचे निराळे उत्तर देते. मिरजेच्या सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे घडविले. मूळचे ते शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, म्हणजे पोलादाचीच जाण असलेले कारागीर होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा पोलादी असतात; खर्जाची तार मात्र पितळेची असते. पितळ पोलादाहून जड, तेव्हा त्याच जाडीत ते अधिक खालचा स्वर देते. तंबोऱ्याचा खर्ज बेस गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराइतका खोल नसल्याने तेथे साधी, वेढा नसलेली तार पुरेशी होते. बेस गिटारला ती पुरत नाही.

रुळाची कुळी

गाभ्याची तार ज्या पोलादाची असते, त्याची कुळी भिलाईच्या रुळाचीच आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. रेल्वेच्या ८८० दर्जाच्या रुळात कार्बनचे प्रमाण शेकडा ०.६० ते ०.८० असते, वाद्याच्या तारेच्या पोलादात ते साधारणपणे ०.७० ते १.०० असते. दोहोंचीही अंतर्रचना पर्लाइट नावाची असते. मऊ लोखंड आणि कठीण लोह-कार्बाइड ह्यांचे अतिसूक्ष्म थर एकाआड एक रचलेले, अशी ती रचना आहे.

मग फरक कोठे पडतो? गाभ्याची जाडी ०.४५ मिलिमीटर आणि तिच्यावरील ताण १९ किलोग्रॅम आहे, असे समजू. गाभ्याचे छेदक्षेत्र अवघे ०.१६ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर जवळजवळ १२० किलोग्रॅम भार पडतो. ८८० दर्जाच्या रुळाच्या पोलादाची किमान ताणशक्ती चौरस मिलिमीटरला सुमारे ९० किलोग्रॅम असते. रुळाचे पोलाद जसेच्या तसे बारीक करून तार बनविली, तर ती स्वरात येण्यापूर्वीच तुटेल!

तारेला हे बळ ओढकामाने येते. कारखान्यातून निघालेली सळई साधारणपणे साडेपाच मिलिमीटर जाडीची असते. ती तापवून वितळलेल्या शिशात ठरावीक उष्णतामानावर थंड केली म्हणजे पर्लाइटचे थर अतिशय बारीक होतात. ह्या कृतीचे पेटंट इंग्लंडात जेम्स हॉर्सफॉल ह्याने १८५४ साली घेतले. त्यानंतर सळई क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून थंड स्थितीतच ओढतात. साडेपाच मिलिमीटर जाडीच्या एक मीटर सळईपासून ०.४५ मिलिमीटर जाडीची सुमारे दीडशे मीटर तार निघते. प्रत्येक ओढीबरोबर ते सूक्ष्म थर तारेच्या लांबीच्या दिशेने वळतात, अधिक जवळ येतात आणि पोलाद अधिक बळकट होते. अखेरीस ताणशक्ती चौरस मिलिमीटरला २०० किलोग्रॅमच्याही पुढे जाते.

बोटांना काय जाणवते?

तार घट्ट आहे की सैल, हे बोट ज्या बळावरून ओळखते ते बळही मोजता येते. १८ किलोग्रॅम ताणाची तार मध्यावर ३ मिलिमीटर बाजूला ओढावयाची, तर सुमारे २५० ग्रॅम भाराइतके बळ लागते. ताण पाचव्या हिश्श्याने वाढला तर तेच बळ ३०० ग्रॅमपर्यंत जाते. पन्नास ग्रॅमचा हा फरक एका झटक्यात कळत नाही. परंतु एका संध्याकाळी हजारो वेळा तार छेडणाऱ्या बोटांना तो चांगलाच कळतो.

पुडक्यावरील आकडे इंचाच्या हजारांशात जाडी सांगतात. ४५, ६५, ८०, १०० किंवा ४५, ६५, ८५, १०५ हे नेहमीचे संच होत. १०५ म्हणजे सुमारे २.६७ मिलिमीटर आणि १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर. हा फरक शेकडा ५ इतका किरकोळ दिसतो. पण वजन जाडीच्या वर्गाने वाढत असल्याने ताणात शेकडा १० ची वाढ होते. चारही तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका असतो. वाद्याची मान हा भार रात्रंदिवस सोसत असते.

सैल तार नेहमीच सोयीची असते असे मात्र नव्हे. कमी ताणाची तार मोठा झोका घेते, पडद्यांवर आपटते आणि खडखडते. ती खडखड टाळण्यासाठी तार पडद्यांपासून उंच ठेवावी लागते आणि मग डाव्या हाताला अधिक दाब द्यावा लागतो. एका हाताचे श्रम वाचविताना दुसऱ्याचे वाढतात! जो वादक जोराने छेडतो त्याला थोडी जाड तार सोयीची पडते. जो हलक्या बोटाने वाजवितो, त्याला बारीक तार पुरते. सर्व तारा दोन अर्धस्वर खाली उतरवून वाजविणाऱ्याने ताण सुमारे पंचमांशाने घटतो हे ओळखून अधिक जाड संच घ्यावा. ३० इंच लांबीच्या लहान बेस गिटारवर तीच तार त्याच स्वरात ३४ इंचांच्या मानाने सुमारे शेकडा २२ कमी ताणाची असते. लहान हाताच्या विद्यार्थ्याला असे वाद्य सोपे जाते त्याचे हे एक कारण आहे.

नादाची जाती

स्वर तोच, मोठेपणा तोच, तरीही दोन तारांचा आवाज निराळा का? ह्याचे कारण उपस्वरांत आहे. तार संपूर्ण लांबीने कंप पावते, त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या भागांनीही कंप पावते. मूलस्वराबरोबर कोणते उपस्वर किती प्रमाणात निघतात आणि किती वेळ टिकतात, ह्यावर नादाची जाती ठरते. खर्जाच्या वाद्यात ह्या उपस्वरांचे महत्त्व विशेष आहे. ४१ आंदोलनांचा मूलस्वर लहान ध्वनिवर्धकातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी कान दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या उपस्वरांवरून मूलस्वराचा अंदाज बांधतो आणि खर्ज ऐकल्याचा अनुभव घेतो.

तारेचा पृष्ठभाग ह्या उपस्वरांवर सत्ता चालवितो. गोल तारेचे वेढे दिलेली तार चमकदार बोलते. तिचे उपस्वर विपुल असतात व दीर्घकाळ टिकतात. परंतु तिच्या पृष्ठभागावर चढउतार असल्याने बोट सरकताना खरखर ऐकू येते आणि पडदेही लवकर झिजतात. चपट्या पट्टीचे वेढे दिलेली तार काचेसारखी गुळगुळीत लागते. तिच्यात वरचे उपस्वर लवकर विझतात आणि आवाज गोल, दबका, काहीसा लाकडी येतो. तिचा ताणही बहुधा अधिक असतो. ह्या दोहोंच्या मध्ये, गोल वेढे देऊन वरून घासून काढलेली तार येते.

धातूही आपला वाटा उचलतो. निर्गंज पोलादाचा वेढा सर्वांत तीक्ष्ण बोलतो व घामाला दाद देत नाही. पण तो कठीण असल्याने बोटांना व पडद्यांना जाचतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा वेढा मध्यम गुणाचा व सर्वाधिक प्रचारातला आहे. शुद्ध निकेलचा वेढा मऊ व सौम्य बोलतो. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. विद्युत बेस गिटारचा पिकअप तारेच्या चुंबकीय गुणावर चालतो. पितळ किंवा कांसे चुंबकीय नाही. त्यांचा वेढा असलेली तार अशा वाद्यावर चढविली तर पिकअपला केवळ गाभा जाणवतो आणि आवाज क्षीण येतो.

ह्या वाद्याचा इतिहास तारांच्या ह्याच भेदाने रंगलेला आहे. अमेरिकेत लिओ फेंडर ह्याने १९५१ साली आपली विद्युत बेस गिटार बाजारात आणली. प्रारंभीच्या काळात सपाट वेढ्याच्या तारांचाच प्रघात होता. डेट्रॉइटचा थोर वादक जेम्स जेमरसन त्याच तारा वापरी आणि तुटेपर्यंत त्या बदलीत नसे. त्या जुन्या, विझलेल्या तारांचा जाड आवाज हीच त्याची ओळख झाली. उलट इंग्लंडात १९६६ च्या सुमारास जॉन एन्टविसल ह्याने रोटोसाउंडच्या गोल वेढ्याच्या तारांतून पियानोसारखा झगझगीत आवाज काढला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन ह्यांच्या वादकवृंदात टोनी वाझ ह्यांनी हे वाद्य हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांच्या कानांवर घातले.

तार सर्वस्व नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घोडीजवळ छेडले की आवाज कोरडा व धारदार येतो. मानेकडे सरकून छेडले की भरदार येतो. तंबोऱ्यात तर घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि त्यावरील जवारीचा दोरा ह्यांनीच नादाची किमया घडते. छेडण्याच्या बिंदूमुळे जे उपस्वर लुप्त व्हावयास हवेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली दाखवून दिले. म्हणून तारा बदलण्यापूर्वी छेडण्याची जागा बदलून पाहावी. हा प्रयोग फुकट होतो.

निवडीचा क्रम

ह्या विवेचनावरून निवडीचा एक सरळ क्रम निघतो. प्रथम वाद्याची लांबी मोजावी व त्या लांबीचाच संच घ्यावा. दुसरी गोष्ट ताणाची. हाताला आज जो संच जड वाटतो, त्याचे आकडे पाहून एकच पायरी खाली यावे. सैल वाटत असेल तर एकच पायरी वर जावे. तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. संथ, भरदार साथ करावयाची असल्यास सपाट वेढा. ठोका देऊन किंवा तार खेचून वाजवावयाचे असल्यास गोल वेढा. धातूचा विचार सर्वांच्या शेवटी करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे कोणत्या कारणाने काय बदलले ते कळते. प्रयोगशाळेतील नियम येथेही तितकाच खरा आहे.

जाडी बदलली की मानेच्या टोकावरील खाचेत तार नीट बसते की नाही ते पाहावे. ताण वाढल्याने मान थोडी वाकते. मानेच्या आतील पोलादी कांब जाणकाराकडून जुळवून घ्यावी. तारा एकेक करून बदलाव्यात. तार खुंटीपाशी आधी वाकवावी व मगच जादा टोक कापावे. अन्यथा वेढे गाभ्यावर सैल होऊन तार कायमची मुकी होण्याचा संभव असतो.

तारेचे वय

नवी तार काही आठवड्यांत मंद होते. घामातील क्षार, त्वचेचा स्निग्धांश आणि धूळ वेढ्यांच्या फटींत साचतात. त्यामुळे वजन ठिकठिकाणी असमान होते आणि वेढ्यांची मोकळी हालचाल अडते. वरचे उपस्वर प्रथम मरतात. पुढे तार पडद्यापडद्यावर बेसूर बोलू लागते. भिलाईचा उन्हाळा कडक आणि पावसाळा दमट. उन्हाळ्यात घाम तारेला बाधतो, पावसाळ्यात हवेतील बाष्प पोलादाला गंजविते व मानेचे लाकूडही फुगविते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून व खालून पुसणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय होय. तारेवर अतिपातळ लेप दिलेले संच मिळतात. ते महाग असतात, परंतु अधिक काळ टिकतात. सपाट वेढ्याच्या तारेत फटी कमी असल्याने ती कित्येक वर्षेही चालते. ज्या विद्यार्थ्याला वारंवार खर्च परवडत नाही, त्याने हा हिशेब अवश्य करावा.

रूळ भार पेलतो आणि आपल्या जागी स्थिर राहतो. तार भार पेलते आणि कंप पावते. दोहोंच्या पोटात पोलादाचे तेच सूक्ष्म थर आहेत. तारेचा ताण गणिताने काढता येतो आणि तिचे उपस्वर यंत्राने मोजता येतात. एवढे सारे जाणून दुकानात गेलेला विद्यार्थी पुडक्यावरील शब्दांना भुलणार नाही. तो आकडे वाचील आणि योग्य तेवढेच पैसे खर्च करील. नंतर घरी येऊन तार स्वरात लावील आणि डोळे मिटून ऐकेल. शेवटचा निर्णय त्याच्या बोटांचा आणि त्याच्या कानांचाच राहील.